काळोख्या परीकथा आणि आपली मुले

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने इमारत, निकाल आणि निधी यांविषयी बोलावे, अशी रीत आहे. तो सगळा तपशील आपल्या हातातील अहवालात छापलेला आहे आणि आपण तो सवडीने वाचालच. मला आज आपल्या ग्रंथालयातील एका कपाटाविषयी बोलायचे आहे. या कपाटाला मी स्वतः कुलूप घातले होते आणि पुढे मलाच ते उघडावे लागले. त्या कुलपाची आणि किल्लीची हकीकत म्हणजेच माझे आजचे भाषण.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलीची वाचून झालेली इंग्रजी पुस्तके दोन खोक्यांतून शाळेला पाठविली. आम्हाला आनंद झाला. इंदुरात, घराबाहेर पाऊल टाकले की हिंदी ऐकू येणाऱ्या या शहरात, आपली मुले वर्गात मराठीतून शिकतात आणि इंग्रजीला जरा बिचकतात. कोऱ्या करकरीत कादंबऱ्या पाहून तरी ती इंग्रजी वाचतील, असा आमचा हिशेब होता. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर रानवेली, मुकुट, पंख असे काहीबाही होते. 'परीकथा दिसतात' असे म्हणून आम्ही त्या नोंदवहीत चढविल्या आणि कपाटात लावल्या. त्या कोणी वाचून पाहिल्या नाहीत. मीही नाही.

पंधरवड्याने नववीतील एका मुलीची आई माझ्या खोलीत आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक तिने टेबलावर ठेवले. होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची 'द क्रूएल प्रिन्स' ही कादंबरी होती ती. पहिल्या काही पानांतच एक अनोळखी माणूस दारात येतो आणि तीन लहान मुलींच्या डोळ्यांदेखत त्यांच्या आईवडिलांना तलवारीने ठार मारतो. ती आई मला म्हणाली, "बाई, हिचे वडील जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत. आमच्या घरात आधीच पुरेसा अंधार आहे. शाळेनं आणखी कशाला द्यावा?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्या बाईंची क्षमा मागितली, त्या प्रकारची सगळी पुस्तके एका कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्या खणात टाकली. कर्तव्य पार पडल्याचे समाधानही मला वाटले.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही ते पुस्तक वाचलंत का? त्यातली जूड पुढे त्याच माणसाच्या घरात वाढते. त्याच्याच पंगतीला जेवते. असं घडून गेल्यावर ती रोज उठून शाळेत कशी जाते, तेवढंच मला वाचायचं होतं."

मी ते वाचले नव्हते. तीस वर्षे मुलांना 'आधी वाचा, मग मत द्या' असे सांगत आलेली मी न वाचताच मत देऊन बसले होते. त्या दिवशी मी पुस्तक घरी नेले. माझे शिक्षण मराठी साहित्यातले. इंग्रजी कादंबरी मी शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचते. पण वाचली. मग त्याच जातीची दुसरी वाचली, तिसरी वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवते आहे.

पालकहो, 'परी' हा शब्द ऐकला की आपल्यासमोर पांढरा झगा, पारदर्शक पंख आणि हातातली चांदणीची छडी उभी राहते. हे चित्र फार जुने नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी परी लहानग्यांच्या खोलीत येऊन बसली आणि गोंडस झाली. 1917 साली यॉर्कशरमधील कॉटिंग्ली या खेड्यात सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या दोघी मावस बहिणींनी कागदी पऱ्या कापून, टाचण्यांनी उभ्या करून त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढली. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी ती खरी मानून 1920 मध्ये मासिकातून जगापुढे मांडली. कागद कापल्याची कबुली त्या दोघींनी दिली ती 1980 नंतर, म्हातारपणी. आपल्या मनातली परी ही अशी कागदी परी आहे.

स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील खेडुतांची परी मुळीच तशी नव्हती. ती टेकडीच्या पोटात राहणारी, माणसाएवढी, देखणी, लहरी आणि धोकादायक जमात होती. स्कॉटलंडमधील ॲबरफॉइल गावचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी 1691 च्या सुमारास या जमातीच्या चालीरीतींवर गंभीरपणे एक ग्रंथच लिहून ठेवला. ते 1692 मध्ये वारले, तेव्हा 'त्यांना पऱ्यांनी नेले' असे गावकरी म्हणू लागले. हे लोक परीचे थेट नाव घेत नसत. 'भले शेजारी' म्हणत. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नसे, 'लांबडं' म्हणे, त्यातलाच हा प्रकार. ते लोखंडाने परीला दूर ठेवत. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवत असत. रानात माणसाची वाट चुकविणारी परी त्यांच्याकडे होती, आपल्याकडे चकवा आहे. पाण्याच्या काठी आपल्या साती आसरा आहेत, जखीण आहे, हडळ आहे. तेव्हा 'हे परके आहे' अशी तक्रार निदान आपल्याला तरी करता येणार नाही.

आजच्या किशोरांसाठी लिहिल्या जाणाऱ्या या कादंबऱ्या कागदी परीकडे पाठ फिरवून त्या जुन्या परीकडे गेल्या आहेत. त्या जगाचे काही नियम ठरलेले आहेत. तेथील अन्न खाल्ले की परत येणे कठीण. तेथील एक रात्र म्हणजे येथील कित्येक वर्षे असू शकतात. प्रत्येक भेटीला किंमत असते आणि ती आधी सांगितली जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की परीला खोटे बोलता येत नाही. मात्र खोटे न बोलता फसविण्यात ती पारंगत असते.

हा शेवटचा नियम वाचून मी पुस्तक मिटले आणि विचार करीत बसले. आपली मुले आज ज्या जगात वावरतात त्या जगाचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते? मोबाइलवर 'अटी मान्य आहेत' या चौकोनावर बोट ठेवताना त्या अटी कोण वाचतो? 'फुकट' असे म्हणणाऱ्याने किंमत कोठे लिहिली आहे, हे शोधण्याची सवय मुलांना कोण लावतो? अनोळखी गोड बोलणाऱ्याचे प्रत्येक वाक्य खरे असू शकते आणि तरीही सगळे मिळून तो फसवणूकच करीत असतो, हे चौदा वर्षांच्या मुलीला प्रवचनातून पटत नाही. परीच्या दरबारात जूडबरोबर दोनशे पाने काढल्यावर ती आपोआप शब्द तपासून घेऊ लागते. नागरिकशास्त्राच्या तासाला मला हे इतके चांगले साधलेले नाही.

आता जरा अवघड विषयाकडे वळते. जुन्या श्रद्धेत सर्वांत भीषण समजूत होती ती बदललेल्या मुलाची. पऱ्या माणसाचे मूल पळवितात आणि त्याच्या जागी तसेच दिसणारे आपले काहीतरी ठेवून जातात, असे लोक मानीत. सुदृढ बाळ अचानक खंगू लागले, बोलायचे थांबले, इतर मुलांसारखे वाढेना, की 'हे आमचे नव्हेच' असा संशय येई. मग 'ते' निघून जावे आणि आपले परत यावे म्हणून त्या मुलाला थंडीत उघड्यावर ठेवणे, विस्तवाचा धाक दाखविणे असे उपाय होत. अशा किती मुलांना केवळ आजार किंवा अपंगत्व असेल, याचा विचार आज मनाला चटका लावतो.

हा संशय मुलांपुरताच राहिला नाही. 1895 च्या मार्च महिन्यात आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी स्त्री आजारी पडली. स्वतःचा व्यवसाय असलेली, नीटनेटकी राहणारी अशी ती होती. 'ही माझी बायको नव्हे, परीने बदलून ठेवलेली आहे' असे तिच्या नवऱ्याने ठरविले आणि नातेवाइकांच्या समक्ष तिला जाळले. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. आपण याला परदेशातली जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ शकत नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगढला स्त्रियांना टोनही ठरवून छळण्याविरुद्ध 2005 मध्ये कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो 2013 मध्ये. वेगळ्या वागणाऱ्या माणसाला 'हा आपला नव्हेच' असे ठरविण्याची ओढ अजून जिवंत आहे.

आणि म्हणूनच मला या कादंबऱ्यांचे मोल वाटते. त्या जुनी भीती उकरून काढतात खऱ्या, पण त्या भीतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहतात. फ्रान्सिस हार्डिंग या इंग्रज लेखिकेची 'कुकू साँग' ही 2014 ची कादंबरी घ्या. पहिले महायुद्ध संपून दोनेक वर्षे झाली आहेत. ट्रिस नावाची मुलगी तळ्यात पडून, आजारी पडून शुद्धीवर येते. तिला विलक्षण भूक लागते, केसांत वाळकी पाने सापडतात, धाकटी बहीण तिच्याकडे पाहून किंचाळते, 'ही खोटी आहे.' हळूहळू ट्रिसच्या आणि आपल्याही ध्यानात येते की बहीण खरे बोलत आहे. जिला घालवून द्यायचे, जाळायचे, त्या बदललेल्या मुलीच्याच नजरेतून ही कथा आपल्यापुढे येते आहे. तिला भीती वाटते, तिला माया आहे, तिला जगायचे आहे. घरातला थोरला मुलगा युद्धात गेला आहे, आणि आईवडील त्याच्याविषयी एक अक्षर बोलत नाहीत. त्या न बोललेल्या दुःखातूनच सगळे संकट घरात शिरलेले असते.

पालक सभेत मी दरवर्षी एक वाक्य ऐकते. वडील म्हणतात किंवा आई म्हणते, "बाई, सातवीपर्यंत किती छान होती हो. आता कुणी बदलून टाकल्यासारखी झाली आहे." आपण हे सहज बोलून जातो. मुलगी शेजारी उभी राहून ते ऐकत असते. तिलाही आरशात तेच वाटत असते की मी ती राहिलेली नाही, आणि घरच्यांना हवी आहे ती जुनी. बदललेल्या मुलाची कथा ही किशोरवयाची कथा आहे. ती काळोखी आहे, कारण ते वय आतून तसेच असते.

आता आपण विचाराल, मग कोणत्या वयाला काय द्यावे? मी स्वतः जे वाचले आहे त्यातूनच सांगते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी आरंभ करावा तो टेरी प्रॅचेट यांच्या 'द वी फ्री मेन' या 2003 मधील पुस्तकाने. मेंढपाळांच्या मुलखातली नऊ वर्षांची टिफनी आपल्या चिकट, रडक्या धाकट्या भावाला परीराणीच्या तावडीतून सोडवायला निघते. हातात शस्त्र म्हणून काय, तर स्वयंपाकघरातला लोखंडी तवा. सोबतीला वीतभर उंचीचे, निळे, भांडकुदळ शूरवीर. मुले पोट धरून हसतात. पण त्याच पुस्तकात गावाने चेटकीण ठरवून घराबाहेर काढलेली एक एकाकी म्हातारी बर्फात मरून जाते. आणि पुन्हा असे कोणाचे होऊ नये, म्हणून टिफनी काही ठरविते. टोनहीविरोधी कायद्याचे मर्म मी आठवीला या प्रकरणावरून समजावून देते. याच वयाला केट थॉम्पसन यांचे 'द न्यू पोलिसमन' हे 2005 चे आयरिश पुस्तकही उत्तम. आईला वाढदिवसाला हवा आहे तो फक्त थोडा वेळ, आणि मुलगा तो हरवलेला वेळ शोधीत परीलोकात पोचतो. काळोख थोडा, संगीत भरपूर.

तेरा-चौदाला 'कुकू साँग'. त्याच सुमारास किंवा थोडे पुढे डायना विन जोन्स यांचे 1985 मधील 'फायर अँड हेमलॉक'. त्यात पॉलीचे आईवडील वेगळे होत आहेत आणि तिची जबाबदारी दोघांनाही नको आहे. तिला आधार आहे तो आजीचा, आणि टपालाने येणाऱ्या पुस्तकांचा. घटस्फोट पाहिलेल्या मुलांना ही कादंबरी फार जवळची वाटते, असा माझा अनुभव आहे. ती सोपी नाही. शेवट दोनदा वाचावा लागतो.

पंधराच्या आसपास 'द क्रूएल प्रिन्स' आणि तिचे पुढचे दोन भाग. 2018 आणि 2019 मध्ये हे तीन भाग आले. यात हिंसा आहे, वर्गातील छळ आहे, विषप्रयोग आहे, सत्तेची कारस्थाने आहेत. ज्यांना खोटे बोलता येत नाही अशांच्या राज्यात खोटे बोलू शकणारी माणसाची मुलगी ही एक ताकद ठरते, आणि ती ताकद वापरता वापरता जूड स्वतःही निष्ठुर होत जाते. लेखिका तिला निर्दोष ठरवीत नाही. 'जूड चूक की बरोबर' यावर दहावीत झालेला वाद तास संपल्यावरही मैदानात चालू होता. याच लेखिकेची 2002 मधील पहिली कादंबरी 'टाइद' सोळाच्या आधी देऊ नये. दर सात वर्षांनी पऱ्यांना नरकाला एक बळी द्यावा लागतो, या जुन्या समजुतीवर ती रचलेली आहे. तीत मुले दारू-सिगारेट पितात, भाषाही राकट आहे.

पेडर ओ गिलिन यांच्या 'द कॉल' या 2016 मधील पुस्तकापाशी मला माझी आणखी एक चूक सांगितली पाहिजे. त्यात आयर्लंडमधील प्रत्येक किशोराला केव्हातरी परीलोकाचे बोलावणे येते. येथे तीन मिनिटे जातात, तेथे संपूर्ण दिवस, आणि तेवढा वेळ त्याची शिकार चालते. नायिका नेसा हिचे पाय पोलिओने दुबळे झालेले आहेत, पण ती हार मानीत नाही. आपल्या पूर्वजांनी ज्यांची भूमी हिरावून घेतली ते सूड घेत आहेत, मग अपराधी कोण, असा मोठा प्रश्न ते पुस्तक विचारते. त्या प्रश्नावर मोहून मी ते आठवीतील एका मुलाला दिले. तो चार रात्री झोपला नाही. त्याच्या वडिलांचा दूरध्वनी आला आणि मी त्यांची मनापासून क्षमा मागितली. पुस्तक चांगले आहे आणि मी ते चुकीच्या वयाला दिले, ही दोन्ही विधाने खरी आहेत. आता ते अकरावी-बारावीच्याच फळीवर असते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. याच दुकानी फळीवर, अशाच नक्षीदार मुखपृष्ठात सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही 2015 पासूनची मालिका आपल्याला दिसेल. ती आज प्रौढांची मालिका म्हणून विकली जाते, आणि तेच योग्य आहे. तीत शारीरिक संबंधांची उघड वर्णने आहेत. मुखपृष्ठ पाहून पुस्तक विकत घेऊ नका. आम्ही ती चूक दोन खोक्यांवर केली आहे.

इंग्रजीचे काय, असे काही पालक विचारतील. मराठी माध्यमातल्या मुलाला ही पुस्तके जड जातात, हे खरे. म्हणून आम्ही दर शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात तासभर वाचनमंडळ चालवितो. एका प्रकरणातली दोन पाने मोठ्याने इंग्रजीत वाचायची, उरलेले कोणीतरी मराठीत सांगायचे. सांगताना मुलांना शब्द शोधावे लागतात. बदललेल्या मुलाला मराठीत काय म्हणावे यावर आम्ही एक पूर्ण शनिवार घालविला. एकजण 'अदलाबदलीचं पोर' म्हणाला, एक मुलगी 'ठेवून गेलेली' म्हणाली. मला तिचा शब्द आवडला. गोष्टी इंग्रजी असूनही त्या तासाला माझ्या विद्यार्थ्यांचे मराठी सुधारते, हे मराठीची शिक्षिका म्हणून मी खात्रीने सांगू शकते. आणि आजी-आजोबांकडून जखीण, मुंजा, चकवा यांच्या गोष्टी विचारून आणण्याचा उद्योगही मुलांनी आपणहून सुरू केला आहे.

आता त्या पहिल्या मुलीकडे परत जाते. हे मी तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने सांगत आहे. पुस्तक वाचून झाल्यावर मी त्या बाईंना शाळेत बोलाविले आणि म्हटले, "तुम्ही त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी अजूनही पुरतं नाही. पण पुस्तक मी आता वाचलं आहे. तुमची हरकत नसेल तर ते तिला परत द्यावं असं मला वाटतं. तुम्ही नको म्हणालात तर मी देणार नाही." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं मला सांगितलं तर चालेल."

तसे ठरले. मुलगी रोज संध्याकाळी वाचलेले प्रकरण आईला सांगू लागली. आई पोळ्या लाटायची, ही ओट्याशी उभी राहून सांगायची. परीक्षेनंतर त्या बाई मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, एका रात्री सांगता सांगता ती थांबली आणि मला विचारलंन, 'बाबा गेले त्या दिवशी मला शेजारी का पाठवलंस?' दोन वर्षं हा प्रश्न तिच्या मनात होता. मला माहीत नव्हतं." पुस्तकाने त्यांचे दुःख दूर केले, असे मी म्हणणार नाही, ते कोणत्याही पुस्तकाच्या हाती नसते. घरात काळोख होताच. त्याच्याविषयी बोलायला मायलेकींना एक वाट मिळाली, एवढेच. ती मुलगी यंदा बारावी झाली. शनिवारच्या मंडळात आता ती लहानांना वाचून दाखवायला येते.

स्कॉटलंडमध्ये एक फार जुने कथागीत आहे. 1549 मध्ये छापलेल्या एका ग्रंथात त्याच्या कथेचा उल्लेख सापडतो. टॅम लिन नावाच्या तरुणाला परीराणीने पळवून नेले आहे. जॅनेट नावाच्या मुलीला त्याला सोडवायचे आहे. अट एकच: मध्यरात्री परींची स्वारी जात असताना त्याला घोड्यावरून खाली ओढायचे आणि घट्ट धरून ठेवायचे. पऱ्या त्याला तिच्या मिठीतच साप करतील, हिंस्र पशू करतील, तापलेले लोखंड करतील. तिने सोडायचे नाही. ती सोडत नाही आणि अखेरीस तिच्या हाती माणूस उरतो. वर सांगितलेल्या कादंबऱ्यांपैकी काहींच्या मुळाशी हे कथागीत आहे.

ब्रिजेटच्या नवऱ्याने बदललेले माणूस पाहिले आणि आग लावली. जॅनेटने बदलणारे माणूस पाहिले आणि हात सोडला नाही. एकाच समजुतीतून निघालेल्या या दोन गोष्टी आहेत. आपल्या घरातली मुले तेरा ते अठरा या वयात रोज वेगळे रूप घेतात. कधी फणा काढतात, कधी गुरकावतात, कधी हात लावू देत नाहीत. आपण कोणती गोष्ट निवडायची, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की मुलाच्या हातात असे पुस्तक दिसले तर ते काढून घेण्याआधी पन्नास पाने वाचा. वाचता येत नसेल तर त्याला सांगायला लावा. नाही आवडले तर तसे मोकळेपणाने बोला. मुले आपल्याशी वाद घालतील, आणि वाद घालणारे मूल अजून आपल्याजवळ असते. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की खोकी जरूर पाठवा, परंतु प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घालून पाठवा: कोणत्या वयाला द्यावे, आणि आपण ते का वाचले. जमल्यास एखाद्या शनिवारी येऊन मुलांसमोर बसा.

त्या कपाटाला आता कुलूप नाही. किल्ली अजून माझ्या खणात आहे, ती मी आठवणीसाठी ठेवली आहे. पुढील वर्षी मी निवृत्त होईन, तेव्हा ती नव्या मुख्याध्यापकांच्या हाती देईन आणि ही हकीकतही सांगेन.